घाटावरची ओली अक्षरं

माझी आत्या देवभोळी, आणि तिचे देव पुष्कळ. पंचगंगेच्या घाटावर जेवढी लहानमोठी देवळं आहेत, त्यांतल्या एकालाही ती पाणी घातल्याशिवाय सोडत नसे. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते, माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, आणि तोवर पोरीला थोडं पुण्य लागावं म्हणून मला रोज सकाळी तिच्याबरोबर धाडायचे. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मला पूजेचा भारी कंटाळा. आत्या देवळामागून देवळं करत जायची आणि मी तिच्या चपला राखत पायरीवर बसायची. त्या झिजक्या चपला कोण चोरणार होतं, देव जाणे.

घाटावरच्या ओवऱ्यांत तेव्हा काही बिऱ्हाडं राहत होती. दुष्काळी मुलखातून गुळाच्या हंगामात बाजारात ओझी उचलायला आलेली ही माणसं. हंगाम संपला तरी परत जावं असं गावाकडं काही उरलेलं नव्हतं. तीन दगडांची चूल, एक पातेलं, एक गाठोडं, एवढाच संसार. मोठी माणसं उजाडताच कामाला जात आणि मुलं दिवसभर पायऱ्यांवर.

त्यांतली एक नऊ-दहा वर्षांची पोरगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन एकदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“अक्का, तू रोज हितं नुसतीच बसतीस व्हय?”

मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. “तुला लिहायला येतं का?” मी उलट विचारलं.

“न्हाय.”

“मग बस इथं.”

माझी शाळा अशी भांडणातून सुरू झाली. हळूहळू आणखी चारदोन मुलं येऊन बसू लागली. “रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,” असं आत्या म्हणाली खरं, पण त्या दिवसापासून तिनं पूजा आणखी लांबवली. घरी कुणी विचारलं तर उशिराचं खापर ती देवांवर फोडायची. तिचं ते ऋण मी विसरलेले नाही.

पहिल्या आठवड्यात मी घरातली जुनी पाटी नेली. दुसऱ्या सकाळी ती फुटलेली. ओवरीत माणसं इतकी दाटीवाटीनं निजायची की ती कुणाच्या तरी पाठीखाली गेली होती. मी चिडून दुसरी नेली, तिचीही तीच गत झाली. मग मी आवाज चढवला.

“पाटी ठिवू कुठं, अक्का?” पोरगी म्हणाली.

मी ओवरीकडं बघितलं. कोनाडा नाही, फळी नाही, भिंतीला एक खुंटीसुद्धा नाही. माझा चढलेला आवाज आपोआप उतरला.

पाटीचा नाद सोडला. पायाशी नदी होती आणि काळ्या दगडाला तोटा नव्हता. बोट पाण्यात बुडवायचं आणि चिऱ्यावर अक्षर काढायचं. एका चिऱ्यावर एक अक्षर, मग पुढच्या चिऱ्यावर सरकायचं, शब्द संपेपर्यंत. उन्हानं सगळं आपोआप पुसलं जायचं. बाकीची मुलं कधी यायची, कधी नाही. हिनं मात्र एक दिवस चुकवला नाही. पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पळतच लिहायची. तिला शिकवताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण काही अगदीच बिनकामाच्या नाही. घरात तसं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

भाऊ चालायला लागला, तशी एके सकाळी तिच्या आईनं मला गाठलं.

“हातकणंगल्याला एका घरात ल्हान मूल सांभाळायला पोरगी पायजे हाय. खाऊनपिऊन ठिवून घेत्यात. हिला धाडतो तिकडं.”

“शाळेत घालू की तिला,” मी म्हणाले.

“शाळंत घेतली तर बगा. न्हाय घेतली तर त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं नेतो.”

बाई वाईट नव्हती. पोरीच्या डोक्यावर छप्पर येत होतं. तिनं ते का सोडावं?

जवळच्या शाळेचे हेडमास्तर करड्या शिस्तीचे. मी आधी जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, “एवढ्या वाढलेल्या मुलीला बिगरीत बसवणार नाही. लिहिता येत असेल तर दुसरीत घेतो. नसेल तर जिथनं आणाल तिथं परत न्या.”

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. आई भाकरीचं फडकं आणि पोरीचं गाठोडं घेऊन फाटकाशी थांबली, मी वर्गाच्या दाराशी उभी राहिले. हेडमास्तरांनी पोरीच्या हातात पाटी-पेन्सिल दिली.

“राहतेस कुठं, ते लिही.”

तिनं पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भलाथोरला ‘पं’ काढला. मग पाटीवर फुंकर घातली. थांबली. पुन्हा फुंकर घातली.

“पुढं?”

“वाळंना की,” पोरगी म्हणाली.

हेडमास्तरांनी पाटी काढून घेतली. “एकच अक्षर येतंय. न्या हिला.”

फाटकाशी आई गाठोडं उचलायला लागलीसुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. त्यापायी घरी पुष्कळ बोलणी खाल्ली, पण त्या दिवशी तो कामी आला.

“तिचं काही चुकलं नाही, गुरुजी. तुमची पाटी लहान आहे. ती नदीच्या पायऱ्यांवर पाण्यानं शिकलीय.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता मलाही बाहेर काढणार. पण ते उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि व्हरांड्यात आले. तिथं लांबलचक शहाबादी फरशी होती. पोरीनं बोट बुडवलं आणि निघाली. पं. च. गं. गे. धोतराचा सोगा सावरत हेडमास्तर तिच्या बाजूनं चालत मोठ्यानं वाचत होते. च्या. घा. टा. व. ‘र’ काढेपर्यंत व्हरांडा संपत आला होता.

त्यांनी मागं वळून बघितलं. “पहिलं अक्षर गेलं की गं.”

“पर लिवलं तर व्हतं,” पोरगी म्हणाली.

ते हसले नाहीत. “दुसरीत बसू दे. उद्यापासनं पाटी आणायची.”

पोरीचा चेहरा पडला. “ठिवू कुठं, गुरुजी?”

हेडमास्तर काही बोलायच्या बेतात होते. त्यांची नजर फाटकाकडं गेली, तिथल्या गाठोड्याकडं, आईच्या अनवाणी पायांकडं. मला काहीच सांगावं लागलं नाही. ते तिला वर्गात घेऊन गेले आणि भिंतीतल्या खुंट्यांपैकी एकीवर बोट ठेवलं. “ही तुझी. शाळा सुटली की पाटी हितंच अडकवायची. कुणी हात लावणार नाही.”

त्या माणसाचं नावही मी तेव्हा नीट विचारून घेतलं नाही. पण हात जोडताना आजही देवांच्या आधी मला तो तांब्या घेतलेला हात आठवतो.

आई फाटकातून आत आली. वर्गाच्या दाराशी जरा घुटमळली, मग पोरगी उभी होती तिथं सरळ भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी ती खुंटी ओढून बघितली.

“घट्ट हाय,” म्हणाली. मग शाळेच्या पायरीवर बसली आणि गाडीत खायला बांधून आणलेल्या भाकरीचं फडकं तिथंच सोडलं.