बारकीची चमकणारी भांडी

बारकी जाऊन आज अठरा दिवस झाले. माझी सख्खी धाकटी बहीण. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतेय, चुकलं तर चुकलं.

परवा तिच्या लॅबच्या मॅडम भेटायला आल्या. म्हणाल्या, "मावशी आमच्याच होत्या हो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या कशा? तिच्या वेण्या मी घातल्यात.

खरं सांगते, त्या लॅबवर मी पहिल्यापासून जळायचे. मी लोकांचे कपडे धुते, ती तिथे काचेची भांडी धुवायची. धुणं ते धुणंच. पण घरी आली की हिचं सुरू, "ताई, आमचे कण इतके बारीक, डोळ्याला दिसायचे नाहीत. पाण्यात सोडले की जंतूला चिकटतात, जांभळ्या दिव्याखाली जंतू चमकतो. आणि मग तेच कण त्याला मारून टाकतात." आमचे म्हणे! जशी काय हिनेच बनवले.

एकदा तिथला साबण संपला. ही माझी कपड्यांची पावडर डबाभर घेऊन गेली. मग आठवडाभर तिथे नुसता गोंधळ. जंतू नसलेली भांडीपण निळी चमकायला लागली. शिकणारी पोरं डोकं धरून बसली. एक दिवस हिने भांडं दिव्याखाली धरलं, तर माझ्या त्याच पावडरीत धुतलेली हिची ओढणीसुद्धा चमकली. तशी म्हणाली, "मॅडम, हे जंतू नाहीत. कपडे पांढरे दिसायला पावडरीत चमक घालतात, तीच काचेला राहिलीय."

हे तिला कुणी सांगितलं होतं? मीच. चूक हिची, अक्कल माझी, आणि शाबासकी हिला! मी म्हटलं, "पावडर कोणाची गं?" तर हसून म्हणते, "तुझी गं बाई. हार घालू का?" दोन दिवस बोलले नाही मी तिच्याशी. आता ते दोन दिवस कुठून आणू?

मॅडमना तिचा फोटो हवाय, लॅबच्या भिंतीवर लावायला. माझ्याकडे बरा एकच आहे, त्यात ती माझ्या खांद्याला टेकलीय.

"तुमची बाजू कापून घेऊ, चालेल ना?"

"नाही चालायचं. लावायचा तर दोघींचा लावा."

"अहो, पण तुम्ही लॅबमध्ये कुठे होता?"

"आणि तुम्ही घरात कुठे होता?"

बघते म्हणाल्या आणि गेल्या. अजून फोन नाही. नाही आला तरी बरंच आहे. फोटो माझ्या उशाखाली आहे.