पाव्हणे आधी, मडकी मंग

दारात कुणी तान्हं मूल घेऊन आलं की बाई आधी त्या मुलाला हात जोडायच्या. "या पाव्हणे, या. वाट सापडली ना?" मग आईबापांकडे नजर टाकून मुलालाच विचारायच्या, "अन् हे तुमच्यासंग कोन आले?" आईबाप ओशाळून हसायचे. मूल मात्र बाईंच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे एकटक बघत राहायचं.

मंगरूळपीरला आमच्या घरामागेच या कुंभारीण बाईंची मडक्यांची शेड होती. माठ खपतात उन्हाळ्यात. बाकीचे महिने बाई आणि मडकी एकमेकांची तोंडं बघत बसत. एकदा एक बाळंतीण कडेवर मूल घेऊन माठ बघायला आली. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले. बाईंनी मूल आपल्याकडे घेतलं आणि तिच्या हाती कुंचला दिला. "बस जराशी. याच्यावर काढ काहीबाही." ती दुपार उलटली तरी उठेना. तेव्हापासून दर रविवारी नव्या आईबापांचा मडकी रंगवायचा वर्ग सुरू झाला. मानोऱ्याहूनसुद्धा एसटीनं लोक यायला लागले. वर आढ्याला झोळ्या, खाली सतरंज्या, आणि रंग सगळे पोटात गेले तरी चालणारे: हळद, बीट, पालकाचा रस. "लेकरू रंग चाखतेच," बाई म्हणत. "मंग चवीचेच ठेवा."

तुम्ही त्यांना मोर काढताना बघायला हवं होतं. त्यांचा मोर कोंबडीसारखा दिसे आणि कोंबडी चपलेसारखी. कुणी हसलंच तर म्हणायच्या, "मले निदान मडकं घडवता येते. तुमाले तं दोन्ही येत नाही."

मी तिथे गेले ती माझी नात तीन महिन्यांची झाल्यावर. कारण सांगते. माझ्या मुलानं तोवर पोरीला एकदाही उचललं नव्हतं. सून पाजायची, मी न्हाऊ घालायची, आणि हा दारातून डोकावून दुकानात निघून जायचा. एके दिवशी लंगोट वाळत घालताना सुनेनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "आई, मले खरं सांगा. पोरगी झाली म्हनून तं नाही ना?"

"काहीतरीच तुझं!" मी म्हटलं. पण त्या दिवसापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज. सुनेनं माहेरी जायची पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती, तीही मी पाहिली.

म्हणून मीच सगळ्यांना बाईंकडे घेऊन गेले. आजीचा मान म्हणून खुर्चीवर बसले. सुनेचे दोन्ही हात हळदीत आणि पोरीनं झोळीत भोकाड पसरलं. मुलगा उठला, माझ्याकडे पाहिलं, परत बसला. पुन्हा उठला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बसला. बाई एका कुशीत कुणाचं तरी लेकरू थोपटत हे सगळं पाहत होत्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी मोठ्या मानसायसमोर बाप लेकराले घेत होते का वो?"

घेत होते कसले! मी नवी सून होते तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे आपलं मूल उचलणं म्हणजे बापाचा निर्लज्जपणा. आमचे हे तर अंगणात रांगणाऱ्या मुलाला शेजाऱ्याचं असल्यासारखं ओलांडून जायचे. आणि मी? मी नळावर मिरवायची! "आमचे हे लेकराले हातही लावत नाहीत. लय मर्यादा हाय त्यायले." डोक्यावर हंडा आणि नाक हंड्याच्याही वर. पोराला वाहून माझी कंबर मोडली आणि त्याचा अभिमानही मीच वाहिला. साऱ्या वऱ्हाडात एवढी अक्कलवान सून नव्हती, असा माझा पक्का समज होता. पुढे हाच किस्सा मुलाला कौतुकानं ऐकवत मी त्याला मोठा केला.

"मंग फिरा भिंतीकडं," बाई म्हणाल्या.

"काहून?"

"तुमी पाह्यता तोवर त्याचे हात उठत नाहीत. फिरा. हे घ्या मडकं, रंगवा."

शाळेतही कधी अशी शिक्षा भोगली नव्हती. भिंतीकडे तोंड करून मी मडक्यावर रेघा ओढू लागले. कान मात्र मागे. झोळीचा दोर करकरला.

"डोकं धरा ना, डोकं!" सुनेचा आवाज.

"धरलं न वं, धरलं."

पोरगी रडायची थांबली. मग माझा मुलगा, ज्याला घरात कुणी चार शब्द बोलताना ऐकलं नाही, तो हळूच पोरीला म्हणाला, "काहून रडून राह्यली होती माय? मी कवाचा तुलेच पाहून राह्यलो होतो."

सुनेनं नाक ओढलं. मग ती हसली. मी वळणार तोच बाई कानाशी पुटपुटल्या, "पाहू नका. पाह्यलं तं हे मडकं तुमच्या डोक्यावर फोडीन." माझा कुंचला मडकं सोडून लुगड्यावर फिरत होता.

घरी आल्यावर सुनेनं पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले.

थंडी पडायला लागली तेव्हा बाई लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. शेडला कुलूप. फोन केला की म्हणतात, "इथले पाव्हणे मले सोडूनच नाही राह्यले, काकू." रविवारी कुणी नवी जोडी एसटीतून उतरून कुलपापाशी घुटमळते, मग सून त्यांना आमच्याच ओसरीवर बोलावते.

परवाही तसंच झालं. सतरंजी पडली, हळद कालवली गेली. मुलाच्या मांडीवर पोरगी. मी आले आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून बसले.

"आई, फिर इकडं," मुलगा म्हणाला.

"राहू दे."

"अवं, फिर ना! इनं माह्यावर मुतलं, अन् तू भिंत पाहून राह्यली!"

मी वळले. पाहुण्यांसमोर, आईसमोर, माझा मुलगा गुडघ्यापर्यंत ओला होऊन बसला होता. लाज म्हणून नव्हती त्याच्या तोंडावर.