सावकाश होऊ द्या

जेवणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण जेवायला बसणारं माणूस एकच पाहिलं, आणि ते म्हणजे सुरतेच्या डिंडोलीत आमच्या समोरच्या घरात राहणारी माझी मैत्रीण, ताई. बाकी आपण सगळे जेवण उरकतो. डबा उरकतो, लग्नातलं ताट उरकतो, सणाची पुरणपोळीसुद्धा घड्याळाकडे बघत उरकतो. आमच्या सुरतेत तर रिक्षावाला एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात खमण धरून न्याहारी करतो. ताई मात्र जेवायला बसली की बसली. अंगानं माझ्या निम्मी, दारात उभी राहिली तर पडदा हलल्यासारखं वाटावं इतकी बारीक. हिला दोन घास तरी जात असतील का, अशी शंका तिच्याकडे बघून कुणालाही यावी. उधन्याच्या त्या थाळीवाल्या हॉटेलच्या मालकालाही पहिल्या दिवशी तीच आली असणार. ‘हवं तेवढं जेवा’ अशी पाटी लावून बसलेल्या त्या बिचाऱ्यानं तिला हसून आत घेतलं होतं.

ती खानदेशातली, अमळनेरकडची, मी अकोल्याची. दोघींचे नवरे कामासाठी सुरतेला आले आणि त्यांच्या मागे आम्ही आलो. मी मराठी शाळेत शिकवत असे, तिची लेक माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला ‘बाई’ म्हणायची ती कायमचीच. ती दिवसभर घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची आणि उरलेल्या वेळात साऱ्या घराला रांधून वाढायची. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात ती सकाळी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आज स्वयंपाक करू नका. तुम्हाला जेवायला नेते.” “कुणाकडे?” मी विचारलं. “कुणाकडे नाही. हॉटेलात. आपण दोघीच.” बरोबर पुरुषमाणूस नसताना हॉटेलात बसून जेवायचं हे त्या वयापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पदर सावरत, चोरासारखी त्या हॉटेलचा जिना चढले. ती पुढे चालली होती, माहेरच्या अंगणात शिरावी तशी.

त्या दिवसापासून महिन्यातून एकदा आमचं जेवण ठरलेलं. त्याचे नियम होते, आणि ते सगळे तिचे. पहिला नियम असा की उपाशीपोटी जायचं नाही. थाळी वसूल करायला सकाळपासून उपास धरणारी माणसं तिला कच्ची वाटत. निघण्याआधी ती मला अर्धी भाकरी खायला लावायची. “पोटाला आधी सांगून ठेवावं लागतं बाई. नाहीतर ते घाबरतं आणि भरल्यासारखं करतं.” ताट आलं की त्याला लगेच हात लावायचा नाही, आधी सगळं नीट बघायचं. ती ताट गोल फिरवून वांग्याची भाजी स्वतःसमोर आणायची, वाट्यांच्या जागा बदलायची, कढीची वाफ घ्यायची. तोवर माझी अर्धी भाकरी जिरून गेलेली असे. अर्ध्या जेवणानंतर मध्यंतर. ती चप्पल काढून एक पाय खुर्चीवर दुमडून घेई आणि आजवर जेवलेल्या पंगती सांगू लागे. कुठल्या लग्नात वरण पातळ होतं, कुठल्या बारशात जिलबी कमी पडली आणि यजमानांनी कशी वेळ मारून नेली. त्या लग्नातली नवरा-नवरी तिला आठवत नसत, वरण आठवे. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे जेवताना घरचा विषय काढायचा नाही. माझ्या तोंडून सुनेचं किंवा गॅसच्या टाकीचं नाव निघालं की ती तळहात वर करायची. “बाई, ताटात माणसं आणू नका.”

दुसऱ्यांच्या जेवणाचीही तिला काळजी असे. एकदा शेजारच्या टेबलावर कुणी कापडाचा दलाल बसला होता. खांद्यानं मोबाइल कानाशी दाबून धरलेला, मान वाकडी, आणि तोंडानं घास आणि भांडण दोन्ही चालू. ताईनं बराच वेळ सहन केलं. मग उठली, त्याच्यापाशी गेली, फोन अलगद काढून घेतला आणि त्याच्या कानाला लावून उभी राहिली. “भाई, तुम आराम से जेवो. मैं पकडती है.” तो माणूस इतका गांगरला की पलीकडच्याला “बाद में” एवढंच म्हणाला आणि फोन खिशात घालून मुकाट्यानं जेवू लागला. जागेवर येऊन बसताना ती त्याला म्हणाली, “हां. सावकाश होऊ द्या.” त्याला मराठी येत नव्हतं, पण समजलं असावं. जाताना त्यानं तिला नमस्कार केला.

दाळीतल्या साखरेशी मात्र तिचं कधी जमलं नाही. पर्समध्ये एक छोटी डबी असायची, तिच्यात घरचा काळा मसाला. वाढपी पाठमोरा झाला की चिमूटभर दाळीत पडे. वाढणारे एक वयस्क काका होते, राजस्थानातून फार वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी एकदा तिला रंगेहाथ पकडलं. आता बोलणं खावं लागणार म्हणून मी पदरात तोंड लपवलं. काकांनी तळहात पुढे केला, मसाला चाटला, आणि मग डोळे पुसत, नाक ओढत आत निघून गेले. थोड्या वेळानं मुदपाकखान्यातून आचारी स्वतः बाहेर आला. त्यानंही हात पुढे केला. पुढच्या महिन्यापासून आमच्या टेबलावर दाळीची एक वेगळी वाटी येऊ लागली, न मागता आणि बिनसाखरेची.

आता हे सगळं तिच्या घरी ठाऊक नव्हतं. घरी ती सत्संगाला जाते म्हणून सांगायची. मला ते पटत नसे. मी एकदा म्हटलं, “ताई, खरं सांगायला काय हरकत आहे? चोरी थोडीच करतो आपण?” ती म्हणाली, “तसं नाही बाई. घरची बाई बाहेर जेवते म्हटलं की लोक आधी नवऱ्याकडे बघतात. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?” तिचा नवरा पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता, सरळ, देवभोळा माणूस. बायको सत्संगाला जाते याचा त्याला अभिमान. रिकाम्या हातानं देवापुढे जाऊ नये म्हणून दर वेळी तो आठवणीनं एक नारळ आणून ठेवायचा. तो नारळ टाकवेनाही आणि घरी परतही नेता येईना. मग तो आम्ही काकांच्या हातात द्यायचो. मराठी माणसं जेवायला येताना नारळ घेऊन येतात अशी त्यांची समजूत झाली होती आणि त्या नारळाची चटणी जेवणाच्या मध्यंतरात आमच्याकडेच परत येत असे.

आणि एके दिवशी तिची सासू काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. “माले बी येणं शे सत्संगले.” मी ताईला डोळ्यांनी खुणावत राहिले. ताई मात्र शांतपणे म्हणाली, “चला आत्याबाई.” रिक्षात मी तिला चिमटे काढत होते, ती बाहेर बघत होती. नऊवारी लुगड्यातल्या म्हातारीला आम्ही दोघींनी धरून जिना चढवला आणि थंडगार हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं. म्हातारीनं समोरचं ताट पाहिलं. ताटातल्या वाट्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. काका रोटल्या घेऊन आले, तुपाचा चमचा पुढे करून म्हणाले, “लो बा, लो.” म्हातारीनं ताट पुढे केलं. मग ती जी जेवली! बासुंदी तिनं मागून घेतली, पुन्हा मागून घेतली. संध्याकाळी तिचा मुलगा कामावरून आला. आम्ही दोघी ओट्यावर भाजी निवडत बसलो होतो. त्यानं हौसेनं विचारलं, “माय, कसा व्हता सत्संग?” म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, “काय सांगू रे, देव भेटना!” तिच्या अहिराणीत ‘भेटना’ म्हणजे भेटला. त्यानंतर गुडघे धड असले की ती प्रत्येक सत्संगाला हजर असे.

मागच्या थंडीच्या आधीची थंडी होती. ऐन पोंकाच्या दिवसांत, कोवळा हुरडा गल्लीगल्लीत विकायला आलेला असताना, म्हातारीचं उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणली, पण बोलणं गेलं होतं, ओठांतून एकच शब्द कसाबसा फुटायचा, “गाव.” डॉक्टर म्हणाले, आता सेवा हेच औषध. ताईच्या नवऱ्याची नोकरी अजून बाकी होती, मुलगा-सून कडोदऱ्याला लूमच्या कामात अडकलेली. त्या घरात कुणी कुणाला काही विचारण्याआधीच ताई म्हणाली, “मी घेऊन जाते त्यांना.” “किती दिवस?” मी विचारलं. ती म्हणाली, “देव जाणे. असं मोजून थोडंच जायचं असतं?”

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारणीला म्हातारीजवळ बसवून आम्ही दोघी उधन्याला गेलो. नवऱ्यानं त्या दिवशी नारळ दिला नाही. दारात चपला घालताना तो मला एवढंच म्हणाला, “बाई, आज तिला पोटभर जेवू घाला.” म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही, आणि ताईला सांगितलंही नाही.

त्या दिवशी ती नेहमीसारखीच बसली. पण घास तोंडातच फिरत राहिले. काका दोनदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा काळजीनं म्हणाले, “बेन, आजे बहु ओछुं लीधुं?” इतकं कमी का घेतलं, असं ते विचारत होते. त्यांचं मन राखायला तिनं एक रोटली घेतली. ते गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, खरं सांगू? इथलं जेवण काही एवढं भारी नाही. माझ्या हातचं वांगं याच्याहून चांगलं होतं.”

“ते मला माहीत आहे.”

“मग मी का येते?” ती रोटलीचा तुकडा मोडत राहिली. “हा माणूस ‘अजून घ्या’ म्हणतो ना, त्याच्यासाठी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सगळ्यांना म्हणते, अजून घ्या, अजून घ्या. मला कोण म्हणतं? मी बसते तेव्हा सगळ्यांचे हात धुऊन झालेले असतात.”

इतकी वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवले होते आणि एकदाही तिला काही वाढलं नव्हतं. वाढायला काका होते ना. मी उठले. काका श्रीखंडाचं भांडं घेऊन पलीकडच्या टेबलाकडे निघाले होते. मी त्यांच्या हातातून भांडं आणि डाव दोन्ही घेतलं आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. “घ्या ताई. माझ्या हातचं एवढं घ्याच.” तिनं रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. “नको बाई, पुरे.” मी म्हटलं, “असं कसं? अजून घ्या.” तिचा हात क्षणभर तसाच राहिला, मग हळूच बाजूला झाला. मी वाढलं. ती खाली मान घालून ते सगळं श्रीखंड जेवली. जेवणाऱ्या सगळ्या हॉलसमोर मी भांडं धरून उभी होते आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

ती गावी जाऊन आता वर्ष उलटून गेलं. म्हातारी अजून आहे. ताईचा फोन येतो, पण तिकडे तिला सवड नसते. गाय आहे, चूल आहे, येणारं-जाणारं माणूस आहे. बोलता बोलता ती मध्येच फोन बाजूला ठेवते आणि मला लांबून तिचा आवाज ऐकू येतो, “घ्या आत्याबाई, अजून एक घास. एकच. हां... अजून एक.” मी कानाला फोन लावून ऐकत बसते. म्हातारीचा घास गिळून होईपर्यंत फार वेळ जातो. मग ताई परत येते आणि विचारते, “बाई, तुम्ही काय म्हणत होता?” मी काहीच म्हणत नसते.

मागच्या महिन्यात मी एकटीच उधन्याला जाऊन आले. काकांनी ओळखलं, खिडकीजवळ जागा दिली, बिनसाखरेच्या दाळीची वाटी आणली, हौसेनं वाढलं. सगळं चांगलं होतं. सावकाश जेवायचं असं ठरवूनच मी गेले होते, पण भाजी संपली, भात संपला, ताक पिऊन झालं, आणि मी बडीशेप चघळत खाली रस्त्यावर आले तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं. दुकानदार नुकते कुठे डबे उघडत होते. अख्खी दुपार समोर पडली होती, आणि तिचं काय करायचं ते मला काही केल्या सुचेना.