वरून प्यालेली कॉफी
आज बायकोनं पायसासाठी वेलदोडे कुटले आणि तंजावुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात मला स्टॉकहोमचं ते कॅफे आठवलं. लेकीनं आम्हां दोघांना उन्हाळ्यात तिकडे फिरायला नेलं होतं. बशीत वेलदोड्याचा गरम गोड पाव, आणि माझ्यापुढे जाड काठाच्या मगात वाफाळती कॉफी. आमच्या घरी भांड्याला ओठ लावत नाहीत. कॉफीसुद्धा वरूनच घशात ओततात. मी मान मागे टाकून तो मग वर उचलला, तशी लेक कुजबुजली, “अय्यो अप्पा, सगळे बघताहेत! आजच्या दिवस तोंड लावून प्या न!” “बघू देत. फुकटात शिकतील,” मी म्हणालो. जाड काठानं दगा दिला. निम्मी कॉफी हनुवटीवरून नव्या स्वेटरात उतरली. बायको म्हणाली, “शिकले सगळे.” मी हनुवटी पुसली आणि पुढचा घोटही वरूनच घेतला. लेक तणतणत उठली, काउंटरवरून दुधाचा छोटा, चोचीचा चंबू घेऊन आली, उरलेली कॉफी त्यात ओतून म्हणाली, “घ्या. प्यायचंच आहे तर नीट धार धरून प्या!” एक थेंब सांडला नाही. पुढे नॉर्वेत, डेन्मार्कात कॅफेत शिरताच ती आधी चंबूच मागायची. मी अजून कुठल्या कपाला ओठ लावलेला नाही, आणि लावणारही नाही.