पट्टीत नसलेलं भोक

भुताखेतांवर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हाच दारावरचं लिंबू-मिरची काढून टाकलं. माझा तर आजही नाही... तरी हे घडलं. चौथी शिकलेली मी, चार माणसांत हे सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून वहीत लिहिते.

ऐंशीच्या पुढची दुष्काळाची सालं. नळदुर्गला हमरस्त्यालगत सुतारांच्या सहकारी संस्थेचं पत्र्याचं शेड होतं. तिथं पुण्याच्या एका कारखान्यातलं जुनं मशीन आणलं — सगळे त्याला कॉम्प्युटर म्हणायचे. कागदी पट्टीवर भोकं पाडायची, मशीन ती वाचायचं आणि कटर आपोआप लाकडात नक्षी कोरायचा. भोकं पाडायचं काम माझं. आकड्यांत मी चुकत नसे.

त्या दिवशी चौकटीच्या फळीवर वेल कोरायची होती. फळी कडुलिंबाची, चेअरमन अण्णांच्या बांधावरचं झाड पाण्यावाचून वाळलं, त्याची. वेलीच्या चौथ्या पानावर कटर वर उचलला गेला, बोटभर जागा सोडून पुन्हा खाली उतरला. पट्टी परत लावली — परत तिथंच.

"पट्टी चुकली," अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटर कशाला थापा मारंल? चूक माझी म्हणून सही कर, आन् उद्यापास्नं येऊ नको."

त्यांनी मजकूर लिहून कागद पुढं सरकवला. तेवढं काम गेलं असतं तर मला परत खडी फोडायला जावं लागलं असतं.

"सही करणार न्हाय," मी म्हणाले. "दुसरी फळी लावा."

मशीनचे मिस्त्री रसूलचाचा. त्यांनी सागाची फळी लावली, पट्टी तीच. अख्खी वेल उतरली, चौथ्या पानासकट.

"बोला अण्णा," चाचा म्हणाले. "पट्टी तर वईच है."

मग त्यांनी पहिल्या फळीवरचा तो न कोरलेला उंचवटा पटाशीनं तासला. आत खिळ्याचं डोकं निघालं — जुना, जाड, लोहारानं घडवलेला खिळा. वरून ना भोक, ना डाग. लाकूड त्याच्यावर वाढून मिटलेलं. कटर त्यावर बसला असता तर तुटून उडाला असता... आणि भुसा फुंकायला माझं तोंड वीतभर अंतरावर.

अण्णा मागं सरकले. आमच्या भागात भूत बांधायला झाडाला खिळा ठोकतात.

"नारळ फोडू," ते म्हणाले. "आन् बाईमाणूस मशीनवर नकोच आता."

"मघाशी चूक माझी, आता भुताची. घरी मात्र मीच जायचं व्हय?" मी म्हणाले. "झाड तुमच्या बांधावरचं हाय, अण्णा. भूत असलंच तर तुमच्या वळखीचं असंल."

चाचा हसू दाबत खाली वाकले. मी पट्टी लावली नि मशीन सुरू केलं. संस्था बंद पडेपर्यंत तिथंच बसले.

नंतर पुण्याहून मेकॅनिक आला. सगळं उघडून बघितलं. म्हणाला, पट्टीत तसं भोक नाही आणि मशीनला लाकडातलं लोखंड कळत नाही. मग कटर कुणी उचलला? मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून भूत म्हणणार नाही.

खिळा माझ्या पेटीत आहे. तो कागदही... सहीची जागा कोरी.