आखितीचा पाऊस

माझ्या वडिलांना, आप्पांना, थर्मामीटर पाहिल्याशिवाय ऊन लागायचं नाही. एप्रिलच्या दुपारी आई पदरानं वारा घेत "काय उकडतंय हो," म्हणाली, की ते उठून कुंपणातल्या पांढऱ्या पेटीकडं जायचे, आत डोकावून यायचे आणि मग सांगायचे, "व्हय, उकडतंय." असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते आईलाच ठाऊक.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर एका सरकारी रोपवाटिकेत ते माळी होते. तिथंच आमची दोन खोल्यांची क्वार्टर. अंगणापलीकडं जाळीचं कुंपण, आत तापमानाची ती पेटी आणि पाऊस मोजायचं गुडघ्याएवढं भांडं. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला आप्पा बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतून बघायचे आणि आकडा फोनवरून पुण्याला कळवायचे. पाऊस नसला तर शून्य कळवायचं. आमच्या भागात वर्षातले बहुतेक दिवस शून्याचेच. "शून्य सांगायला एवढा थाट कशाला?" म्हणून मी चिडवायची. ते म्हणायचे, "भांड्यात जे आसंल ते सांगायचं. आपलं डोस्कं घालायचं न्हाई."

नव्वद सालानंतर लगेचच माझा थोरला भाऊ गेला. शाळेत जाणारा पोरगा. आतडं फुटलं म्हणून पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी तोंडातून थेंबभरही पाणी द्यायचं नाही असं बजावलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण शुद्धीत होता तोवर तो पाणीच मागत होता. आई ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसायची. तो तसाच गेला. त्यानंतर आईला पोटभर पाणी पिताना मी कधी पाहिलं नाही. घोटभर घ्यायची आणि भांडं खाली ठेवायची.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. गेलेल्यांना उन्हाळ्याचं पाणी पोचावं म्हणून. त्या साली आईनं आजोबांच्या कऱ्याशेजारी आणखी एक करा मांडला. थोरल्या काकूनं तो उचलून बाजूला ठेवला. "पोराच्या नावानं करा भरायचा नसतो. ल्हानाचं थोरानं करायचं न्हाई, पाप लागतं." काकू आता नाही, तरी त्या वाक्याचा मला अजून राग येतो. तहानेला कसलं आलंय लहान-थोर?

पुढं मी शिरूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. जीपनं जायची, जीपनं यायची. त्याच सुमाराला पुण्याच्या साहेबांनी आप्पांना सांगितलं, की आपलं केंद्र आता आंतरराष्ट्रीय माहितीजाळ्यात घेतलंय, तुमचा आकडा जगभरचे शास्त्रज्ञ बघतात आणि उतरवून घेतात. झालं, आप्पांना चैन पडेना. एका रविवारी धुवट टोपी घालून ते माझ्या क्लासमध्ये हजर. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. शेवटी आमच्या केंद्राची ओळ दिसली. आप्पांनी पडद्याला नाक लावून एकेक आकडा तपासला. शून्य, शून्य, शून्य. "बराबर हाय," म्हणाले आणि मुलांना पेढे वाटायला निघाले. मीच आवरलं.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "आपल्या भांड्यात पडल्यालं साऱ्या जगात पोचतंय. मानूस कुठंबी आसू दे."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कुठंबी?"

"कुठंबी," आप्पा ऐटीत म्हणाले.

त्यानंतरच्या आखितीला आप्पा कुंपणात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आभाळ कोरडं, माती कोरडी, आणि बाटलीत पाणी. डोकं खाजवलं, आभाळाकडं पाहिलं, आणि आपल्या नियमाप्रमाणं आकडा कळवून मोकळे झाले. रात्री एखादा वळवाचा शिंतोडा येऊन गेला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पुढच्या आखितीला मी आणि ते, दोघांनीही खिडकीतून पाहिलं. आई न्हाऊन कुंपणात गेली. हातात फुलपात्र. भांड्यापुढं उकिडवी बसून तिनं नरसाळ्यात पाणी ओतलं, अगदी सावकाश, बाळाला पाजावं तसं. तिचे ओठ हलत होते. मग हात जोडून ती परत आली आणि चुलीपाशी बसली.

साडेआठला आप्पा गेले. पाणी मापात ओतलं, वाकून डोळा मापाच्या रेषेशी आणला, आकडा फोनवर सांगितला. मी म्हणाले, "आप्पा, तो पाऊस नव्हता."

"भांड्यात हाय ना?" ते म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर दर आखितीला असंच चाललं. घरात त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. आईला वाटायचं, ह्यांना काही कळलेलं नाही.

काही वर्षांनी ते पुण्याचे साहेब आमच्याकडं आले. वीज नव्हती म्हणून क्लास बंद होता, मी घरीच होते. साहेब खुर्चीवर बसले, आप्पा उभेच राहिले. साहेब म्हणाले, "बाहेरच्या देशातून एकानं विचारणा केलीय. शिरूर कोरडं, दौंड कोरडं, आणि तुमच्या एकट्याच्या भांड्यात दर उन्हाळ्यात एकदाच पाऊस. तोही दर वेळी तेवढाच. तारीख तेवढी वेगळी." तारीख वेगळी असणारच. आखिती तिथीनं येते, आणि फुलपात्र दर वेळी तेच असायचं. पण हे त्या परदेशातल्या माणसाला कुठून कळावं?

पोरांनी खोडी केली असेल, एवढं आप्पा म्हणाले असते तरी निभावलं असतं. ते म्हणाले, "पाऊस न्हवता साहेब. मला ठावं हुतं. तरी म्या सांगितला." आईचं नाव त्यांनी घेतलं नाही.

साहेब माणूस चांगला. त्यांनाच वाईट वाटलं. "अहो, तुमच्या आकड्यावर आम्ही कधी शंका घेतली नव्हती," म्हणाले. मग कपाळ चोळत म्हणाले, "आमच्याकडच्या नोंदी काढून टाकू. पण ह्याच्या नकला जगभर गेल्यात. कुठं कुठं गेल्यात ते आम्हालाही माहीत नाही. ते आता परत येणार नाही."

आई तेवढ्यात चहा घेऊन दारात आली. "परत येनार न्हाई?"

"नाही हो बाई. गेलं ते गेलं. त्याला आता कुणाचाच इलाज नाही."

आईनं कपबश्या खाली ठेवल्या आणि उंबऱ्यातच बसून हंबरडा फोडला. नवऱ्याचं काम जाणार म्हणून रडतेय, असं साहेबांना वाटलं. ते बिचारे तिची समजूत काढायला लागले. मी तिला धरून आत नेलं, तेव्हा ती मला म्हणाली, "पोचलं गं. माझ्या लेकराला पाणी पोचलं." इतक्या वर्षांत मी तिला असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले.

आप्पांची नोकरी राहिली, पण मोजायचं काम गेलं. पेटी आणि भांडं जाऊन कुंपणाच्या मधोमध आपोआप आकडे पाठवणारं यंत्र आलं. त्यालाही वर एक नरसाळं होतं. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली पुण्याला गेली. साडेआठ वाजले की आप्पा नळावर उगाच हात धुवायचे. आई "उकडतंय" म्हणाली तर म्हणायचे, "आसंल." त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवत नसे.

पुन्हा आखिती आली. आईनं स्वयंपाक केला, आजोबांचा करा भरला. कुंपणाकडं ती फिरकली नाही. आप्पाच म्हणाले, "औंदा जायाचं न्हाई व्हय?"

आई चपापली. ह्यांना सगळं ठाऊक होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. ती म्हणाली, "आता कशाला? एकदा पोचलं न्हवं?"

"ते मागल्या उन्हाळ्याचं," आप्पा म्हणाले. "औंदाची तहान हाय की."

त्यांनी फुलपात्र भरलं आणि ते कुंपणाकडं गेले. आई उठून दारात आली. जाळीच्या फाटक्या जागेतून खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी यंत्राकडं ताणला. हात पुरेना. चप्पल काढून, टाचा उंचावून पाहिलं. मग होता तिथंच हात कलता केला आणि पाणी मातीवर सोडलं.

ते परत आले तेव्हा बाही जाळीला अडकून फाटली होती. डोळे अधू झाल्यानं आईला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "पोचलं का हो?"

आप्पा म्हणाले, "पोचलं."