मी निळी झाले आहे

डॉक्टरीणबाईंनी माझा हात खिडकीपाशी उजेडात धरला आणि एकेक नख दाबून पाहायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या बोलण्यात काहीतरी चुकलंय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फ्रान्समध्ये आलो, त्याला आठ महिने झाले. माझं फ्रेंच अजून इंग्रजीच्या आधाराने चालतं. उदास वाटणं म्हणजे इंग्रजीत ‘फीलिंग ब्लू’, म्हणून शब्दाला शब्द लावून मी फ्रेंचमध्ये सांगितलं होतं, “मी निळी झाले आहे.”

“कधीपासून?” बाईंनी काळजीने विचारलं.

“इथे आल्यापासून.”

“दिवसभर?”

“संध्याकाळी जास्त.”

त्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती तपासली. मी गार टेबलावर बसून राहिले. शब्द सगळे पलीकडे पोचले होते, फक्त मला जे म्हणायचं होतं ते अलीकडेच राहिलं होतं. चूक झाली हे सांगायलाही फ्रेंचच लागणार होतं, आणि माझ्याजवळचं तेवढं फ्रेंच संपलं होतं.

शेवटी सगळं नॉर्मल असल्याचा कागद घेऊन मी घरी आले. नवऱ्याने तो वाचला आणि मनापासून खूश झाला.

“बघ, म्हटलं नव्हतं? तुला काहीसुद्धा झालेलं नाही.”

मला इथे करमत नाही, हे त्याला तरी मराठीत सांगता आलं असतं.

“हो ना,” मी म्हणाले आणि कुकर लावायला उठले.